गॅस सोंपला, बाय!

गोव्यात कुणाच्याही घरी फ्रीज थंड होईनासा झाला की एक ठरलेले नाटक सुरू होते. फोन जातो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्कूटरवरून मेकॅनिक येतो, फ्रीझरला हात लावतो, मागे वाकून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो, "गॅस सोंपला, बाय." घरची मंडळी मान डोलावतात. सिलिंडर संपतो तसा फ्रीजचाही गॅस संपणारच, त्यात विचारायचे काय? अडीच-तीन हजारांवर सौदा होतो. फ्रीज जरा जुना असला तर वर सल्ला फुकट मिळतो, "नवोच घेतल्यार बरें."

मला आज या एका वाक्याविरुद्ध लिहायचे आहे. कारण वाचकहो, फ्रीजचा गॅस संपत नाही!

घोटाळा ‘गॅस’ या शब्दाने केला आहे. शेगडीचा गॅस जळतो, म्हणून १४.२ किलोचा सिलिंडर महिना-दोन महिन्यांत रिकामा होतो. फ्रीजचा गॅस जळत नाही आणि खर्चही होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एका अगदी बारीक नळीतून पुढे सरकतो, फ्रीझरच्या नळ्यांत त्याची पुन्हा वाफ होते आणि वाफ होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. मग परत कॉम्प्रेसरमध्ये. हा नळ्यांचा फेरा कारखान्यातच सगळीकडून डाख देऊन बंद केलेला असतो. एकदा भरलेला गॅस वीस वर्षेही फिरत राहू शकतो. गंमत म्हणजे आजच्या पुष्कळ घरगुती फ्रीजमध्ये असतो तो आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच कुळातला. पण लहान फ्रीजमध्ये तो असतो किती? पन्नास-साठ ग्रॅमच्या आसपास.

तेव्हा गॅस कमी झाला असेल तर त्याचा अर्थ एकच, कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या टाकीत पाणी ओतण्यासारखे. आज भराल, चार महिन्यांनी पुन्हा भराल.

गळती होतच नाही असे मी म्हणत नाही. होते, आणि आपल्याकडे तिला दोन कारणे भरपूर आहेत. पहिले कारण म्हणजे आपणच. फ्रीझरमधला बर्फ निघत नाही म्हणून सुरी किंवा चमच्याचा दांडा खुपसतो. बर्फाखालचा पत्रा पातळ ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याच्यातच गॅसच्या वाटा असतात. एक भोक पडले की फुस्स! दुसरे कारण आपली हवा. हरमलपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगतच्या घरांत खारे वारे नळ्या आणि त्यांचे सांधे हळूहळू खातात.

अशी खरी गळती असेल तर फ्रीज ओळखूही येतो. कॉम्प्रेसर थांबायचे नाव न घेता चालू राहतो, फ्रीझरच्या एखाद्याच कोपऱ्यात थोडे दव गोठते, आणि एरवी गरम लागणारी मागची जाळी जेमतेम कोमट असते. तिची दुरुस्ती म्हणजे गळतीची जागा शोधणे, ती डाख देऊन बंद करणे, फिल्टर बदलणे, व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढणे, आणि शेवटी गॅस वजन करून भरणे. हे काम घरी कुणी करू नये. आयसोब्युटेन पेट घेतो आणि बेफिकीर हाती टॉर्च पेटवली तर अपघात होतो. पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे? गळती कुठे सापडली? फिल्टर बदलला का? पंप किती वेळ लावला? किती ग्रॅम भरला? ज्याने हे केले असेल तो आनंदाने सांगेल. ज्याने केले नसेल तो चिडेल. त्याच्या चिडण्यातच आपल्याला उत्तर मिळेल.

आता खरी मेख. ‘गॅस संपला’ म्हणून जे फ्रीज गणले जातात त्यातल्या कितीतरी फ्रीजचा गॅस जागच्या जागी असतो, आणि दुखणे भलतेच असते.

कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी ‘टक्’ करतो आणि गप्प होतो? बहुधा विजेचा दाब कमी पडतो आहे, नाहीतर त्याला चिकटवलेला रिले किंवा ओव्हरलोड गेला आहे. हे सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात. संध्याकाळी दिवे मंद होणाऱ्या गावात आधी व्होल्टेज मोजायला हवे.

फ्रीज अखंड चालतो आणि दाराच्या कडेला पाणी सुटते? दाराचे रबर बघा. आपल्या पावसाळ्यात त्याच्या घड्यांत काळी बुरशी धरते, ते कडक होते आणि दार नीट चिकटत नाही. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून आपल्या घरातली दमट हवा रात्रंदिवस आत जाते आहे. कोमट साबणपाण्याने रबर पुसले तरी बऱ्याचदा भागते, न भागले तर नवे रबर बसते.

मागची जाळी धुळीने आणि स्वयंपाकघरातल्या तेलकट थराने भरली आहे, फ्रीज भिंतीला टेकवला आहे? मग उष्णता जाणार कुठे? प्लग काढून ब्रश मारा आणि फ्रीज वीतभर पुढे ओढा. नव्या फ्रीजमध्ये ही जाळी बाजूच्या पत्र्याआड लपवलेली असते, म्हणून बाजू गरम लागतात. तो बिघाड नव्हे. उष्णता बाहेर जाते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

भाजीच्या कप्प्याखाली पाणी साचते? आतले पाणी मागे नेणारे छोटे भोक कोथिंबिरीच्या पानाने किंवा शेवाळाने तुंबले असेल. कोमट पाण्याची पिचकारी मारली तर बहुतेक वेळा मोकळे होते.

आणि सगळ्यात जास्त फसवणारा प्रकार फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा. वरचा कप्पा दगडासारखा गोठलेला, खाली मात्र दूध नासते. या फ्रीजमध्ये थंड नळ्या पाठीमागच्या पॅनेलच्या आड असतात आणि एक पंखा गार हवा खाली ढकलतो. नळ्यांवर साचणारा बर्फ ठरावीक वेळाने एक छोटा हीटर वितळवतो. हीटर, त्याचा सेन्सर, फ्यूज किंवा टायमर बिघडला की बर्फाची भिंत तयार होते आणि हवेची वाट बंद. ओळखायची खूण सोपी आहे. सामान काढून, प्लग काढून, दारे उघडी टाकून फ्रीज पूर्ण एक दिवस बंद ठेवा. पुन्हा लावल्यावर आठ-दहा दिवस झकास चालला आणि मग परत तेच रडगाणे सुरू झाले, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत आहे. गॅस गळला असता तर एक दिवसाच्या विश्रांतीने तो परत आला नसता!

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिका डिचोली तालुक्यात एकट्या राहतात. फ्रीजमध्ये त्यांचे इन्सुलिन असते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवे, म्हणून फ्रीज ही त्यांच्यासाठी चैन नव्हे. एका वर्षात दोनदा त्यांचा ‘गॅस भरला’ गेला. दोन्ही वेळा फ्रीज तीन-चार आठवडे चालला आणि बंद पडला. तिसऱ्या वेळी ‘आता नवाच घ्या’. दुसऱ्या एका जाणत्या माणसाने पॅनेल उघडले तेव्हा आत बर्फाचा ठोकळा होता आणि जळलेला हीटर. गॅस व्यवस्थित होता. मग तो भरल्यावर फ्रीज चालला कसा? भरण्याच्या निमित्ताने तो तासन् तास बंद होता, बर्फ वितळला, श्रेय गॅसला मिळाले! दोन वेळा गॅसला मोजलेले पैसे हीटरच्या किमतीच्या कितीतरी पट होते. पण त्या मधल्या दिवसांत शेजारणीच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन ठेवायला जाणाऱ्या बाईंची जी ओढाताण झाली, ती कुठल्या बिलात धरायची?

इथे सगळा राग मेकॅनिकवर काढणे सोपे आहे. मी तो काढणार नाही. मला राग येतो तो आपल्या सुशिक्षित समाजाचा.

डॉक्टरने तपासून ‘काही नाही, विश्रांती घ्या’ म्हटले तर आपण मुकाट फी देतो. मेकॅनिकने अर्धा तास तपासून रबर पुसून दिले तर आपण म्हणतो, "एवढ्यासाठी पाचशे? वस्तू तर काही घातली नाही!" निदानाचे पैसे द्यायला आपला हात खिशात जात नाही. मग तो आपल्याला कळेल अशी एक वस्तू विकतो, गॅस. खरे बोलणारा उपाशी राहील अशी व्यवस्था आपणच केली आहे. रेफ्रिजरेशनचा धंदा आयटीआयमध्ये दोन वर्षे शिकवला जातो. ते शिकलेला मुलगा आपल्या दारात आला की आपण त्याला पाणी विचारतो, पण त्याच्या ज्ञानाला किंमत विचारत नाही. हाताने काम करणारा तो खालचा आणि तोंडाने काम करणारा तो वरचा, ही आपली जुनी खोड.

कंपन्याही यात साळसूद नाहीत. सुटा भाग ‘येत नाही’ म्हटले की ग्राहक आपोआप दुकानाकडे वळतो. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून नियम केला, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही फ्रीजचे थर्मोस्टॅट, सेन्सर, सर्किट बोर्ड निदान ७ वर्षे आणि दाराचे रबर १० वर्षे मिळालेच पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. चांगले केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि मागणारा ग्राहक नसेल तर कायदा तरी कुणासाठी करायचा?

कुणी म्हणेल, नवा फ्रीज कमी वीज खातो. खरे आहे. वीस वर्षे झालेला, नळ्या गंजलेला, फोमच्या आत गळणारा फ्रीज कवटाळून बसा असे मी सांगत नाही. नव्या फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते पाहून हिशेब करा आणि खुशाल बदला. पण हा निर्णय निदान झाल्यावरचा असावा. सात वर्षांचा फ्रीज एका रिलेसाठी भंगारात जातो तेव्हा वीज वाचवल्याचे पुण्य आपल्या खाती जमा होत नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पंचवीस पाहुण्यांचे सामान आत असताना फ्रीज रुसला की डोके चालत नाही, हे मान्य. म्हणून ही सवय आधीच लावून घ्या. मृगापूर्वी कौले शाकारतो, पुरुमेंत भरतो, तसा एक दिवस फ्रीजलाही द्या. रबर, जाळी, भोक आणि प्लग, चारच गोष्टी. आणि मेकॅनिक आला की गॅसचा भाव ठरवण्याआधी त्याला म्हणा, "तपासणीचे पैसे वेगळे देतो. गळती आहे की नाही, आणि असली तर कुठे, ते मला दाखव."