अहवाल ठणठणीत, रोगी गहाण!

सरकारची प्रकृती उत्तम आहे! महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेले, जाहिरातीतले चेहरे हसले. मग सांगलीतल्या जत-आटपाडीचा शेतकरी सरकारी दवाखान्याबाहेरच्या मेडिकलसमोर चिठ्ठी घेऊन का उभा आहे? पाच लाखांचे कार्ड वरच्या खिशात, आणि दुकानदाराला विचारतो काय, तर ‘यातल्या निम्म्याच गोळ्या द्या, बाकीच्या पुढच्या बाजारी नेतो.’ योजना दाखल झालेल्या रोग्याची. महिनोन्‌महिने लागणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीची नव्हे. आधी आडवे पडा, मग मायबाप सरकार धावून येईल!

जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्था मोजल्या. भारत १९१ देशांत ११२ वा आला. त्या क्रमवारीवर पुढे पुष्कळ वाद झाला, होऊ दे. पण खर्चाचा बोजा कोणाच्या मानेवर पडतो, हेही त्या मापात होते, आणि नेमके तेच आमच्या राज्यकर्त्यांना झोंबते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के, तोही कोरोनाच्या काळात! २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचा वायदा केला होता. वायदा करणाऱ्यांना आज लाज तरी वाटते का?

आणि यात सातारा-सांगलीचा आकडा कुठे आहे? नाही! ज्या मुलखात उसाचा उतारा दशांश चिन्हापुढे दोन घरे मोजतात, तिथे दवाखान्यापायी किती घरांचे सोने पतसंस्थेत गेले, हे मोजायला कोणाला सवड नाही. मोजता येत नाही, ही सबब खोटी आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला पदरचे किती गेले, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्हावार विचारते आणि छापते. बाळंतिणीला विचारता येते, मग मूत्रपिंडाच्या रोग्याला विचारताना जीभ का अडखळते?

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे. त्यांच्या प्रतिसरकारने याच गावांत सावकाराला धाक बसवला होता. आज त्याच गावांत आजारपण माणसाला पुन्हा सावकाराच्या ओसरीवर नेऊन बसवते, आणि नाव देणारे हार घालून मोकळे!

आमची मागणी साधी आहे. या महिन्यात रोग्यांनी बाहेरच्या औषधांवर आणि तपासण्यांवर किती रुपये घातले, याचा फलक प्रत्येक सरकारी दवाखान्याने दारात लावावा. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीत तो आकडा आधी मोठ्याने वाचावा, मग नव्या इमारतीची फीत कापायला यावे.