‘विकू नये’ एवढे लिहून भागत नाही

माझे वडील बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यातले गवई. १९४९ साली संस्थान विलीन झाले. पुढे शिकवण्या करून त्यांनी एक लहानसे घर बांधले. थोरल्या चिरंजिवांचा हात सैल आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून मृत्युपत्रात घर त्याच्या नावे करताना त्यांनी मोठ्या कळकळीने एक वाक्य घातले : ‘हे घर त्याने कधीही विकू नये.’ दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या. वडिलांच्या पश्चात दीड वर्षात घर गेले. त्याआधी मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी गेली होती.

दोष भावाचा खराच. परंतु त्या वाक्याचाही होता. एकदा पूर्ण मालकी दिली, की विक्रीवर सर्वस्वी बंदी घालणारी अट कायदा मानत नाही. बापाची कळकळ खरेदीखताच्या आड येत नाही.

उपाय होता. मुलाला घरात राहण्याचा हक्क केवळ हयातीपुरता द्यावा आणि मालकी नातवंडांच्या नावे लिहावी. हयातीच्या हक्कापलीकडचे तो विकणार काय? किंवा १८८२ च्या कायद्यान्वये विश्वस्त नेमून मिळकत त्यांच्या हाती सोपवावी. घरखर्च, आजारपण, मुलांची फी यांपुरते त्यांनी द्यावे. रोख किती व केव्हा, हे त्यांनी ठरवावे. मात्र हे सारे स्वकष्टार्जित मिळकतीला लागू. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा, आणि २००५ पासून मुलीचाही, जन्मसिद्ध वाटा असतो. तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही.

कित्येक जण कंटाळून हयातीतच बक्षीसपत्र करून मोकळे होतात. ते मला धोक्याचे वाटते. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येते. बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. सांभाळाची अट त्यात घातली असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा आधार मिळतो. पण त्यासाठी उतारवयात पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करावा लागतो.

आमच्या घरी हा विषय कोणी काढीत नसे. काढणे अभद्र मानीत. आता माझाच मुलगा मोबाईलवरून कर्ज काढून बसला आहे. दोनदा मी ते फेडले. तिसऱ्यांदा त्याला समोर बसवून मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखविला. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “विश्वस्त कोण?”

“वकीलसाहेब, आणि तुझी आत्या.”

“आत्या? ती तर रिक्षाच्या भाड्याचाही हिशोब मागते.”

म्हणूनच तिचे नाव घातले आहे.