स्वर्णरेखेची दुर्गंधी आणि पणजीच्या मलवाहिन्या

जून 1858 मध्ये राणी लक्ष्मीबाई ज्या स्वर्णरेखेच्या परिसरात धारातीर्थी पडल्या, त्या ग्वाल्हेरच्या नदीला आज तेथील लोक नालाच म्हणतात. लश्कर भागातून वाहणाऱ्या या नदीचा तळ काँक्रीटने बांधून काढण्यात आला, पात्रातूनच मुख्य मलवाहिनी नेण्यात आली आणि अलीकडे त्याच पात्रावर उन्नत मार्गाचे काम हाती घेण्यात आले. नदीच्या पुनरुज्जीवनासाठीची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे चालली. चर्चा मात्र बहुधा प्रक्रिया प्रकल्पांच्या क्षमतेभोवती फिरते. दुर्गंधी जन्म घेते ती प्रकल्पात नव्हे, त्याच्या कितीतरी आधी, वाहिनीच्या पोटात.

सांडपाण्यातील प्राणवायू संपला की वाहिनीच्या आतील शेवाळी थरातले जिवाणू पाण्यातील सल्फेटवर जगू लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्याचा वास तो हाच. जेथे पाणी उसळते तेथे हा वायू बाहेर पडतो आणि वाहिनीच्या ओलसर छतावर साचतो. तेथे दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे सल्फ्युरिक आम्ल करतात. सिमेंटचा जिप्सम होतो, छत भुसभुशीत होऊन झडू लागते. या जिवाणूंचा छडा 1945 मध्ये मेलबर्नच्या सी. डी. पार्कर यांनी लावला. तापमान 10 अंशांनी वाढले की सल्फाइड तयार होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या ग्वाल्हेरसाठी ही बाब गौण नाही.

उपाय जुनाच आहे: जिवाणूंना प्राणवायूची टंचाई भासू द्यायची नाही. साध्या हवेतून पाण्यात लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, शुद्ध प्राणवायू वापरल्यास त्याच्या सुमारे पाचपट. म्हणून उदंचन केंद्रातून दाबाखाली जाणाऱ्या, काठोकाठ भरलेल्या वाहिनीत तो सोडणे सर्वांत फलदायी ठरते. 2021 च्या कोविड लाटेनंतर रुग्णालयांत हवेतून प्राणवायू वेगळा करणारी जी संयंत्रे आली, त्याच तंत्रावर येथेही भागते. ओझोन अधिक प्रखर असतो, पण तो जागेवरच तयार करावा लागतो आणि फुप्फुसांना घातक असल्याने गळती परवडत नाही. त्याचा उपयोग मुख्यतः चेंबर व केंद्रांतून खेचलेल्या हवेची दुर्गंधी मारण्यासाठी. येथे एक गल्लत नेहमी होते. बाहेरची हवा सुगंधित झाली म्हणजे आतले छत वाचले, असे नव्हे.

या वायूची दुसरी बाजू अधिक भीषण आहे. हवेत दशलक्षांत 100 भागांच्या आसपास त्याचे प्रमाण गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते. वास थांबला म्हणून खाली उतरलेला कामगार त्याहून दाट वायूत सापडतो. 2013 च्या कायद्याने मानवी उतरणीवर निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये मृत्यूच्या भरपाईची रक्कम 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. एका प्राणाच्या भरपाईपेक्षा वायुमापक कितीतरी स्वस्त पडतो, हे आपल्या निविदांत कधी उतरणार?

गोमंतकीय वाचकाला ग्वाल्हेर दूरचे वाटेल. पणजीची भूमी सपाट, म्हणून सांडपाणी पंपाने ढकलावे लागते, आणि दाबवाहिनीत हवेला जागा नसते. शिवाय मांडवीची खाडी लगत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असते, तर पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातील इष्ट मर्यादा 200 आहे. फटींतून खारे पाणी वाहिनीत झिरपले, की जिवाणूंना आयताच शिधा मिळतो. स्मार्ट सिटीच्या कामांत शहराचे रस्ते वर्षानुवर्षे खोदून मलवाहिन्या बदलण्यात आल्या. प्लास्टिकच्या नळांना आम्लाची भीती नाही. चेंबर, विहिरी आणि उदंचन केंद्रे मात्र काँक्रीटचीच असतात.

तेव्हा मलनिस्सारण महामंडळाने टोंक येथील प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या जोडीने, दाबवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या चेंबरांतील सल्फाइडच्या नोंदीही मे महिन्यात घेऊन जाहीर कराव्यात. पहिल्या पावसात वाहिन्या धुतल्या जातात, आणि त्यानंतरचे आकडे कोणाचेही समाधान करतील इतके चांगले येतात.