पशुवैद्याची परीक्षा कोणासाठी?

आपल्याकडील पशुवैद्यक पदवीधराला अमेरिकेत व्यवसाय करावयाचा असेल, तर केवळ पदवी त्याला पुरी पडत नाही. भारतातील एकाही पशुवैद्यक महाविद्यालयाला तेथील पशुवैद्यक संघटनेची अधिस्वीकृती नाही. म्हणून आपली पदवी तेथील पदवीच्या तोलाची आहे, हे त्याला आधी सिद्ध करावे लागते. संघटनेच्या योजनेनुसार प्रथम इंग्रजीची चाचणी, मग २२५ प्रश्नांची लेखी परीक्षा आणि अखेर तीन दिवसांची प्रात्यक्षिक परीक्षा होते. भूल, शस्त्रक्रिया, क्ष-किरण, शवविच्छेदन, लहान प्राणी, घोडे आणि गुरे अशा सात विभागांत काम करून दाखवावे लागते. शिवाय ३६० प्रश्नांची परवाना परीक्षा आहेच; ती तेथील पदवीधरांनाही चुकलेली नाही.

ही सारी तटबंदी परक्या स्पर्धकांना रोखण्यासाठीच आहे, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्यांश आहे. परवाना पद्धतीतून व्यवसायात असलेल्यांचेच हित साधले जाते, असे मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली मांडले होते. केवळ प्रात्यक्षिक परीक्षेलाच कित्येक हजार डॉलर शुल्क पडते, हे पाहता तो आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही.

परंतु प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. विकणाऱ्याला मालाची खरी माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजार बिघडतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. पशुवैद्यकात तर ही अडचण दुप्पट होते. रोगी मुका असतो आणि पैसे मोजणाऱ्या मालकाला उपचाराची पारख नसते. त्यात तिसऱ्या पक्षाची भर पडते. औषध टोचलेल्या गाईचे दूध किती दिवस विकू नये, हे वैद्याने सांगितले नाही, तर त्याची किंमत शहरातील दूध पिणारा मोजतो. या तिसऱ्या पक्षाचा विचार बाजार आपण होऊन करीत नाही. म्हणूनच परवाना लागतो.

या परीक्षेची तयारी म्हणजे नुसते पाठांतर का नव्हे, हे लाळ्या-खुरकुताच्या उदाहरणावरून कळते. आपल्याकडे हा रोग परिचयाचा आहे. जखमा धुणे, ताप उतरवणे, लसीकरण करणे हे आपला पशुवैद्य नित्य करतो. अमेरिकेत १९२९ नंतर हा रोग आढळलेला नाही. तेथे त्याचा संशय येताच उपचार करीत न बसता शासकीय यंत्रणेला तत्काळ कळवणे, हेच पशुवैद्याचे पहिले कर्तव्य ठरते. रोग एकच, लक्षणे तीच. मात्र उत्तर वेगळे. कारण तेथे एका गोठ्यातील चूक साऱ्या देशाचा मांसव्यापार थांबवू शकते. पशुवैद्याने समाजाप्रति असलेली जबाबदारी ओळखली आहे की नाही, हे अशा प्रश्नातून तपासले जाते. सरावाच्या प्रश्नसंचांची घोकंपट्टी करणाऱ्याला गुण मिळतील. ही दृष्टी मिळेलच असे नाही.

आपली पद्धत याहून भिन्न आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये मान्यताप्राप्त पदवी आणि नोंदणी असली की व्यवसाय करता येतो. वेगळी परवाना परीक्षा नाही. अर्थात् गुणवत्तेची सारी हमी साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमावर, विशेषतः त्यातील एका वर्षाच्या आंतरवासितेवर येऊन पडते. ते वर्ष केवळ हजेरीपुरते उरले, तर पुढे अडवणारी दुसरी चाळणी नाही.

यावर लेखी परवाना परीक्षेचा उपाय सुचवणे सोपे आहे. पण तेवढ्याने शिकवणीवर्गांना एक नवी बाजारपेठ मिळेल आणि आंतरवासितेतील विद्यार्थी गोठा सोडून प्रश्नसंच घेऊन बसेल. परदेशातून घ्यावयाचेच, तर ते तीन दिवसांच्या प्रात्यक्षिकाचे तत्त्व घ्यावे. तेही आंतरवासितेच्या अखेरीस, बाहेरील परीक्षकांसमोर आणि सार्वजनिक खर्चाने. अडलेली म्हैस सोडवताना हात चालतो की नाही, हे पर्यायी प्रश्नांतून कळत नाही. एका म्हशीवर ज्याचे घर चालते, त्या पशुपालकाला वैद्य पारखून घेण्याची दुसरी संधी मिळत नसते. त्याच्या वतीने ही पारख शासनाने करावयाची आहे.