लाज नेमकी कशाची?



मागे एका अभ्यासवर्गात माझ्या पिशवीतून एक पुस्तक खाली पडले. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा पुरुष. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी ते उचलले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही समाजशास्त्रात एमए ना? आणि हे?" मी पटकन सांगून टाकले, मैत्रिणीचे आहे.

पुस्तक माझेच होते. जे. आर. वॉर्ड या अमेरिकन लेखिकेच्या 'ब्लॅक डॅगर ब्रदरहुड' मालिकेतले. देखणे, रक्त पिणारे व्हॅम्पायर आणि त्यांचा शृंगार, तोही आडपडदा न ठेवता. दिवसभर वस्तीत रेशनकार्ड, जातपडताळणी, नवऱ्याने मारलेल्या बाया. रात्री अकरानंतर मी हे वाचते. आवडते म्हणून वाचते.

मला लाज वाटते ती त्या खोट्याची. ज्येष्ठांची भीती मला कळते. आपल्या आयाबहिणींकडे गावाने पिढ्यान्‌पिढ्या वाईट नजरेने पाहिले, म्हणून आपण इभ्रतीला इतके जपतो. पण ती इभ्रत दरवेळी बाईनेच का वाहायची? पुरुष कार्यकर्त्यांच्या मोबाइलमध्ये काय असते, हे कोणत्याही अभ्यासवर्गात तपासले जात नाही. 1934 साली 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या लैंगिक विषयावरील मजकुरासाठी र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा हायकोर्टात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर आंबेडकर उभे होते. खटला हरले, पण उभे राहिले. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून बाईच्या वाचनावर फतवे काढणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे. आणि तिसरे शील कामातल्या मिथ्याचाराबद्दल आहे. कागदावरच्या व्हॅम्पायरने कुणाचे घर मोडले?

म्हणून मी या पुस्तकांना क्लीन चिट देते असे नाही. आक्षेप आहेच, पण त्या दादांनी घेतला तिथे नाही. मुखपृष्ठाच्या आत गेले असते तर त्यांना दिसले असते.

मालिकेतले पहिले पुस्तक 'डार्क लव्हर', 2005 चे. त्यातला राजा रॅथ हा शुद्ध रक्ताचा एकमेव उरलेला व्हॅम्पायर. 'ग्लिमेरा' नावाचे खानदानी वर्तुळ, कुळ पाहून जुळणारी लग्ने, पोरींच्या कौमार्यावर पहारा. आणि 'डॉगेन', म्हणजे जन्मानेच सेवक. मालकाने स्वतः घरकाम करायला घेतले तर बटलर फ्रिट्झ कासावीस होतो! सेवेतच ज्याला धन्यता वाटते असा हा नोकर आपण कुठल्या ग्रंथात वाचला आहे, हे मी सांगायला नको. सजातीय विवाह हा जातीचा कणा आहे, हे बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबियात मांडले. इथे तोच कणा मखमलीत गुंडाळून विकायला ठेवला आहे. राजा शेवटी अर्ध्या मानवी रक्ताच्या बेथशी लग्न करतो, हे मान्य. पण पुढचे ऐका.

'लव्हर अवेकन्ड'चा नायक झॅडिस्ट हा पूर्वी रक्तगुलाम होता. अंगभर खुणा, आणि त्याला वाचता येत नाही. ती शरम वाचताना माझा गळा दाटला. आमच्या आजीने आयुष्यभर अंगठाच लावला. मग कळते की हा गुलाम जन्माने खानदानी, तान्हेपणी पळवलेला. झाले! म्हणजे गुलामगिरीचा अन्याय कशात, तर चुकीच्या माणसाला गुलाम केले यात. कर्णाची गोष्ट पुन्हा. सूताच्या घरचा पोर शूर निघाला तर त्याला सूर्याचाच मुलगा ठरवावे लागते. फ्रिट्झच्या वाट्याला प्रेमकथा येत नाही ती नाहीच.

व्हॅम्पायरची गोष्ट अशीच लिहावी लागते असे थोडेच आहे? ज्युवेल गोमेझ या कृष्णवर्णीय लेखिकेने 1991 मध्ये 'द गिल्डा स्टोरीज' लिहिली. 1850 चे लुईझियाना, मळ्यावरून पळालेली गुलाम मुलगी व्हॅम्पायर होते. कुणाचा जीव न घेता रक्त घेते आणि बदल्यात काही देऊनही जाते. तिथे नायिकेला कुठलेही कुळ शोधून द्यावे लागलेले नाही, आणि शरीरसुखही गाळलेले नाही.

परवा मी त्या दादांना फोन केला. म्हटले, पुस्तक माझेच होते. वाचायचे असेल तर देते, मग पुढच्या वर्गात डॉगेनवर बोलू. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कव्हर घालून द्या."