लहान रुग्णालयातील संगणकांचे जाळे : नव्या-जुन्यांचा मेळ

आपल्या जिल्ह्यातील खासगी दवाखान्यांत संगणक एकदम आलेले नाहीत. गरजेप्रमाणे एकेक करून आले आहेत. स्वागतकक्षात एक, औषधदुकानात दुसरा, प्रयोगशाळेत रक्ततपासणीच्या यंत्राबरोबर मिळालेला तिसरा आणि शहरात शिकून परतलेल्या चिरंजीवांचा वा कन्येचा मॅक हा चौथा. कुणात विंडोज सेव्हन, कुणात विंडोज टेन, तर कुणात लिनक्स. प्रत्येक संगणक आपले काम चोख करतो. मात्र शेजारच्या संगणकाशी त्याचे बोलणे नसते. परिणामी, रक्ताचा अहवाल कागदावरून किंवा पेनड्राइव्हमधून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडत राहतो.

ही केवळ गैरसोय नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास त्या ७२ तासांत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. नोंदी चार ठिकाणी विखुरलेल्या असतील, तर हे कर्तव्य पार पाडणे अवघड जाते. शिवाय किनवट, पांढरकवडा भागातून येणारा रुग्ण पुढे नागपूर, नांदेड किंवा हैदराबाद यांपैकी कोणत्याही दिशेला जाऊ शकतो. त्याच्या हाती संपूर्ण कागदपत्रे देता आली नाहीत, तर पुढच्या वैद्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तो भुर्दंड शेवटी रुग्णालाच पडतो.

याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. विक्रेते म्हणतात, सर्व जुने काढून एकाच जातीचे नवे संगणक घ्या. अनेक समव्यवसायी म्हणतात, आजवर चालले तसेच चालू द्या. आमच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिल्यात अकारण खर्च आहे, दुसऱ्यात अकारण धोका आहे.

भिन्न जातीचे संगणक एकत्र नांदू शकतात, याचे कारण समजण्यास फारसे कठीण नाही. आदिलाबादच्या बाजारात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलणारी माणसे व्यवहार करतात. कुणी आपली भाषा सोडत नाही, पण देवघेवीपुरती एक समान बोली सर्वांना येते. संगणकांचेही तसेच आहे. टीसीपी-आयपी ही दळणवळणाची पद्धत विंडोज, लिनक्स, मॅक या तिघांनाही अवगत आहे. धारिका वाटून घेण्यासाठी विंडोजची जी एसएमबी नावाची पद्धत आहे, ती लिनक्सला ‘सांबा’ या मुक्त प्रणालीमुळे साधली. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ साली तिचा आरंभ केला. मॅकनेही २०१३ पासून एसएमबीलाच प्राधान्य दिले आहे.

प्रत्यक्ष उभारणीही आवाक्यातली आहे. एक चांगला स्विच, एक राउटर आणि कॅट-सिक्स केबल एवढ्यावर सुरुवात होते. तांब्याच्या केबलची एक लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी. दोन स्वतंत्र इमारती जोडायच्या असल्यास मात्र ऑप्टिकल फायबरच वापरावी. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे विजा कशा कडाडतात हे सांगावयास नको, आणि तांब्याची तार त्या विजेचा आघात थेट यंत्रांपर्यंत आणू शकते. स्विच व राउटर यांना यूपीएस द्यावा. मुद्रकाला आणि सामाईक साठ्याच्या यंत्राला राउटरवर कायमचा पत्ता नेमून द्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर ‘प्रिंटर सापडत नाही’ ही नित्याची तक्रार उद्भवत नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द असावा. औषधविक्रेत्याने औषधचिठ्ठी पाहावी. रुग्णाचा संपूर्ण इतिहास पाहण्याचे त्याला कारण नाही.

खरा प्रश्न जुन्या यंत्रांचा आहे. विंडोज एक्सपीचा आधार कंपनीने २०१४ साली, विंडोज सेव्हनचा २०२० साली आणि विंडोज टेनचा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविला. एक्सपीला एसएमबीची केवळ पहिली आवृत्ती समजते. नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंद असते. मग तंत्रज्ञ सोपा उपाय म्हणून ती सुरू करून देतो आणि काम भागते. हा उपाय कटाक्षाने टाळावा. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू याच आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन जगभर पसरला. इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० संस्थांचे कामकाज त्यामुळे विस्कळित झाले. आपल्याकडेही २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि तेथील कामकाज अनेक दिवस हाताने चालवावे लागले. तेव्हा जुने यंत्र फेकू नये, पण त्याला इंटरनेटपासून पूर्ण तोडावे. पुष्कळ जुन्या विश्लेषक यंत्रांना सीरियल पोर्ट असतो. त्यावरून निकाल एका नव्या संगणकात घेता येतात.

आपल्या सीमाभागाचा आणखी एक खास प्रश्न आहे, तो नावांचा. मराठी माणूस स्वतःचे नाव आधी सांगतो, तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते. ‘लता’ हे नाव रोमन अक्षरांत लिहिताना आपण नुसता ‘टी’ लिहितो, तेलुगू भाषक लेखनिक पुढे ‘एच’ लावतो. अशाने एकाच बाईंच्या दोन नोंदी तयार होतात आणि औषधाच्या वावड्याची नोंद भलत्याच पानावर राहून जाते. यासाठी प्रत्येक रुग्णास कायमचा क्रमांक द्यावा आणि नावे युनिकोडमध्येच लिहावीत. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उमटतो. युनिकोडमधील देवनागरी व तेलुगू तिन्ही प्रणालींवर सारखीच दिसते.

शेवटी राखीव प्रतींविषयी. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक रुग्णालयाबाहेर, हा नियम पाळावा. एक प्रत जाळ्यापासून विलग असावी. सतत जोडलेली प्रत विषाणूच्या तावडीतून सुटत नाही. शिवाय महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी नोंद परत काढून पाहावी. न तपासलेली राखीव प्रत म्हणजे मुदत न पाहता ठेवलेले तातडीचे इंजेक्शन होय.

हे सारे एकेकट्या दवाखान्याने करणे जड वाटेल. म्हणूनच आमची सूचना अशी की, आपल्या संघटनेने सभासदांसाठी एक जाणकार तंत्रज्ञ सामाईकपणे नेमावा आणि वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाच्या जाळ्याची तपासणी करवून घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने रुग्णाची माहिती सांभाळण्याचे दायित्व आपल्यावर टाकले आहे. परंतु कायद्याच्या पुष्कळ आधीपासून, रुग्णाने विश्वासाने सांगितलेले जपणे हा आपला व्यवसायधर्मच आहे. पूर्वी त्यासाठी कपाटाला कुलूप पुरत असे. आता या जाळ्याकडेही त्याच दक्षतेने पाहावयास हवे.