कुणाचंच टेबल नाही, म्हणजे समता आली?

नांदेड-लातूरची आपली पोरं हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत आहेत. तिथं बऱ्याच ठिकाणी आता ठरलेलं टेबल नसतं. रोज ॲपवर जागा बुक करायची, संध्याकाळी लॅपटॉप-डबा पाठीवर टाकून उठायचं. कोरोनानंतर रोज सगळे येईनात, म्हणून कंपन्यांनी टेबलं कमी करून भाडं वाचवलं. वर सांगतात, इथं सगळे सारखे! साहेबाची केबिन मात्र हलली नाही.

बाकीच्यांची तक्रार जागा शोधण्यात सकाळ जाते, एवढीच. उदगीरच्या एका मित्राची वेगळी आहे. पूर्वी शेजारी कोण बसणार हे कंपनी ठरवायची, आता ज्याचं तो ठरवतो. १४ एप्रिलला त्यानं स्टेटसला बाबासाहेब ठेवले आणि नेहमीचे शेजारी वरच्या मजल्यावर जागा बुक करू लागले. नियम कुणीच मोडला नाही.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. १९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्याकडे फायली लांबूनच फेकत. ते अंतर निदान दिसत तरी होतं.

काही भाऊ म्हणतात, बरं झालं, कायमचं कोपऱ्यात तर बसवत नाहीत. मलाही हे काही दिवस पटलं होतं. पण बुकिंगची नोंद कंपनीकडे असतेच. कुणाच्या शेजारची खुर्ची रोज रिकामी राहते, हे एचआरनं काढून बघावं. मागणी लेखी द्या, आणि एकट्यानं नको, चौघांच्या सहीनं द्या.